फाईल जिवंत आहे तोवर

“तुझं अमेरिकेत ठरलंय ना गो?” असं आमच्या वाडीतल्या बायका मला इतकी वर्षं विचारत आल्या की शेवटी मी “हो” म्हणून मोकळी व्हायला लागले. कोणी पुढे विचारलंच, “मुलगा काय करतो?” तर सांगायची, “लोकांना रांगेत उभं करतो.” त्यांना ते काहीतरी मोठ्या हुद्द्याचं वाटायचं. एका काकूंनी तर पेढे कधी देतेस म्हणून विचारलं. पेढे! त्या वेळी माझ्या हातात दगड असता तर तो कोणाच्या डोक्यात गेला असता, देव जाणे.

ठरलंबिरलं काही नव्हतं. माझी फाईल होती, एवढंच. माझा थोरला भाऊ शिकून अमेरिकेला गेला, तिथलाच झाला, तिथला नागरिक झाला. वडील गेले तेव्हा तो दिवसांना आला होता. तेरावं झालं, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, आणि संध्याकाळी ओटीवर बसून त्याने मला सगळं समजावून सांगितलं. आई आता इथे कशी राहणार, म्हणून आईला तो नेणार. नागरिक असलेल्या मुलाने आईसाठी अर्ज केला तर रांग नसते, वर्षभरात तिथे कायम राहायचं ग्रीन कार्ड हातात. आणि एकदा आईला कार्ड मिळालं की आईने माझ्यासाठी अर्ज करायचा.

“तूच कर की माझ्यासाठी सरळ,” मी म्हटलं.

“भावाबहिणींची रांग जन्मभर संपत नाही,” तो म्हणाला. “आईतर्फे केलं तर पुष्कळ लवकर होतं. फक्त एक आहे. तोपर्यंत तुझं लग्न होता कामा नये. आईकडे नुसतं कार्ड असेल ना, तर तिच्या लग्न झालेल्या मुलीसाठी रांगच नाही. लग्न झालं की फाईल मेली.”

‘फक्त’ म्हणाला तो. तिशी नुकती ओलांडलेल्या, एक जमलेलं लग्न मोडलेल्या बहिणीला, बाप जाऊन पंधरवडा झाला नाही तोच, ‘फक्त’! पण तेव्हा मला राग आला नाही, खोटं कशाला बोलू. मोडलेल्या लग्नामुळे मला त्या विषयाचाच वीट आला होता. लग्न करू नकोस असं सांगणारा घरातला पहिला माणूस भेटला म्हणून उलट जरा बरंच वाटलं. आणि तो पुढे म्हणाला, “आईला तिकडे तुझ्याशिवाय करमणार नाही. तिच्यासाठी तरी थांब.” आईसाठी म्हटल्यावर मी काय बोलणार?

मग तो उठून स्वयंपाकघरात आईशी बोलायला गेला. तिथे त्याने तिला काय सांगितलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

आई गेली. कार्ड झालं, माझा अर्ज झाला, पावती आली, आणि मी अविवाहित राहण्याच्या कामाला लागले. काम म्हणजे कामच होतं ते. रत्नागिरीत एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी नोकरी करते. सकाळी लोकांना सुया टोचायच्या, दुपारी रिपोर्ट लिहायचे, संध्याकाळच्या एसटीने गावात परत. हे चाललेलं असताना कोणी स्थळ सुचवलं की “नाही हो, माझी फाईल आहे” असं सांगायचं. आधी लोक मान डोलवायचे. मग “अजून?” म्हणायचे. मग त्यांनी सुचवायचं सोडलं. ज्या मुलीचं कुठेतरी ठरलंय तिला कोण कशाला बघायला येईल?

आणि भाऊ फोनवर सांगायचा, “थोडी कळ काढ. तारीख पुढे सरकत्येय.” ही तारीख म्हणजे एक अजब प्रकरण. दर महिन्याला तिकडचं सरकार सांगतं की आता अमुक दिवसापर्यंत अर्ज केलेल्यांना बोलावतो आहोत. कधी ती तारीख दोन पावलं पुढे जाते, कधी तिथेच बसून राहते, आणि कधी चक्क मागे जाते. मागे! एसटीच्या रांगेत असं कोणी केलं तर लोक कंडक्टरची कॉलर धरतील. इथे कोणाची धरणार?

बरं, मी इथे वाट बघत होते ती बघत होते, आईचं काय? तर आई तिकडे भावाच्या दोन मुलांना सांभाळत होती. वहिनीची नोकरी, भावाची नोकरी, मुलं लहान. सकाळी त्यांचे डबे, दुपारी शाळेच्या बसपाशी उभं राहणं, संध्याकाळचा स्वयंपाक. नातवंडांचं करण्यात वाईट काहीच नाही, आनंदाने करतात बायका. पण करमणार नाही म्हणून जिला नेली तिला करमतंय की नाही हे एकदा तरी विचाराल की नाही? रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मागे भावाचं चकचकीत स्वयंपाकघर, आणि पुढे आईचा चेहरा. “बरं आहे,” म्हणायची. “सगळं बरं आहे. इकडे खिडकी उघडत नाहीत एवढंच.” मग हळूच विचारायची, “पालखी कधी येत्येय घरी?”

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. ती आपल्या दारात टेकते, आपण तिची ओटी भरायची, आणि वर्षभराचं जे काय असेल ते तिला सांगायचं. लग्न होऊन आल्यापासून आईने ते कधी चुकवलं नव्हतं. ताप अंगात असताना तिने ओटी भरलेली मी पाहिली आहे. अमेरिकेला गेल्यापासून तिला एकही शिमगा मिळाला नाही. शिमगा नाही, आंबा नाही, गणपती नाही. कारण तिला सुट्टी मिळायची ती भावाच्या मुलांना सुट्टी असेल तेव्हा, म्हणजे आपल्या भर पावसाळ्यात. तेव्हा ती मुलं कसल्या कसल्या शिबिरांना जायची, म्हणून आई मोकळी. आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत. एका वर्षी गणपती चार दिवसांवर आले होते आणि ही बाई मखराचे कागद कापून ठेवून विमानात बसली. चार दिवस! चार दिवसांनी काय तिकडच्या शाळा बुडणार होत्या?

मी फोनवर भावाला बोलले. त्याचं उत्तर तयार: “अगं, तिने इकडेच राहिलं पाहिजे. फार दिवस बाहेर राहिली तर कार्ड जाईल. कार्ड गेलं की तुझी फाईल गेली. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना?”

तुझ्यासाठीच! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. आईच्या जिवावर माझ्यावर उपकार, आणि माझ्या नावावर फुकटात आई घरी. आणि तो वाईट माणूस नाही, हेच तर जास्त डोक्यात जातं. वडील आजारी असताना त्याने रात्रंदिवस फोन केले, डॉक्टरांशी भांडला. त्याला खरंच वाटतं की आपण आईचं आणि बहिणीचं कल्याण करतोय. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं. कल्याण करणाऱ्याचं काय करायचं?

अशात खेडचे गृहस्थ आले.

ते एसटीत आहेत, खेडच्या डेपोत, गाड्या दुरुस्त करतात. त्यांच्या आईला रत्नागिरीच्या दवाखान्यात ठेवलं होतं म्हणून रक्त तपासायला आमच्या लॅबमध्ये यायचे. डॉक्टरांनी एकदा त्यांचंही रक्त तपासायला सांगितलं. धिप्पाड माणूस, हात ऑइलने काळे, आणि मी सुई काढल्याबरोबर चेहरा पांढराफटक. “बघू नका इकडे,” मी म्हटलं. “मग कुठे बघू?” म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी दटावलं. दटावलं तरी बघत राहिले. त्यांची आई बरी होऊन घरी गेली, तरी या गृहस्थांना दर पंधरा दिवसांनी रत्नागिरीत काहीतरी काम निघायला लागलं. बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेला माणूस. फारसं बोलणारा नाही, पण बोलला की हसवणारा.

त्यांनी विचारलं तेव्हा मी फाईलचं सांगितलं. वाटलं, इतरांसारखे मान डोलवून जातील. ते म्हणाले, “थांबतो की. एसटीतल्या माणसाला वाट बघायची आणि बघायला लावायची, दोन्हीची सवय असते.”

मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, “एसटीतला मेकॅनिक? अगं, एवढी वर्षं काढलीस, आता कुठे टप्प्यात आलंय. इकडे आलीस की तुला कितीतरी चांगली माणसं भेटतील.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. “चांगली म्हणजे कशी?” मी विचारलं. “ज्यांच्या घरात खिडक्या उघडत नाहीत तशी?” त्याने फोन आईकडे दिला. आई म्हणाली, “बाय, रागावू नको. तुझं होईल सगळं.” तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि ती पळाली.

तरीही मी थांबले. खेडचे गृहस्थही थांबले. कशासाठी, तर आई तिकडे एकटी आहे, तिला मी हवी आहे, मी नाही गेले तर तिचं म्हातारपण त्या बंद खिडक्यांच्या घरात एकटं जाईल, म्हणून. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मला स्वतःला तिकडे जायचंय का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नाही. नव्हतंच जायचं. एक दिवसही नव्हतं.

मग तो पावसाळा आला. आई आली होती. खंगली होती जरा, पण मागीलदारी पायरीवर बसून भाजी निवडायला लागली की तिचा चेहरा सैल व्हायचा. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, “देवीला जाऊन येऊ.” ती दर वर्षी जायचीच. नारळ, ओटीचं सामान आणि दोन छत्र्या घेऊन आम्ही देवळात गेलो. पाऊस असा की देवळापर्यंत जाईतो छत्रीचा उपयोग केवळ डोक्यापुरता. आई आत गेली. मी मागे विहिरीवर पाय धुवायला थांबले, दोघींच्या चपला खळबळल्या, जरा वेळ गेला.

आमच्याकडे देवीला आपण स्वतः काही मागत नाही. गुरवाला सांगायचं, आणि गुरव आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो. आणि गाऱ्हाणं मनातल्या मनात घालायची पद्धत नाही. मोठ्याने, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं. जे कोणी देवळात असतील त्यांनी प्रत्येक वाक्याला “होय म्हाराजा” म्हणायचं. ज्याचं दुःख आहे तो एकटा पडू नये म्हणून असेल. आमचा गुरव म्हातारा, पण आवाज खणखणीत. मी पायऱ्या चढत होते तेव्हा त्याने सुरू केलं.

“बा देवी म्हाराजा! आज ही तुझी लेक लांबच्या मुलखातनं तुझ्या पायाशी आल्येय...”

“होय म्हाराजा!” देवळात पावसासाठी टेकलेली दोन माणसं म्हणाली. गुरवाची बायको म्हणाली. मीही पायरीवरून म्हटलं, सवयीने.

“तिच्या लेकीचा कागद तिकडच्या सरकाराकडं पडलाय. त्या कागदापायी ही बाय तिकडं अडकल्येय...”

“होय म्हाराजा!”

“तिचा जीव तिकडं लागत नाय. ती म्हणत्येय, माझ्या लेकीचं काय ते एकदाचं होऊ दे, नायतर होऊ नको दे, पण मला आता माझ्या घराकडं आण. मला तिकडं मरण नको. माझी माती हितं होऊ दे, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” ती माणसं म्हणाली. माझ्याही तोंडून निघून गेलं. म्हणून झालं आणि मग मला कळलं मी कशाला होय म्हटलं ते.

आईने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं होतं मी अजून विहिरीवर आहे. तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिला चोरी करताना पकडलं.

मी भराभर पुढे चालत घरी आले. दारात आल्यावर छत्री आपटली. “तुला तिकडे राहायचं नाहीये?”

“गुरव म्हातारा झालाय,” आई म्हणाली. “त्याला सांगितलं एक, त्याने घातलं दुसरंच.”

“आई!”

मग ती ओल्या पदराने तोंड पुसत खाली बसली. “तुझ्यासाठी राहिल्ये गो मी. तो म्हणाला, तू तिकडे राहिलीस तरच तिचं होईल. तू परत आलीस की तिच्या आयुष्याचं वाटोळं. मोडलेल्या लग्नाची मुलगी, तिला गावात कोण विचारणार, तिकडे तरी मार्गी लागेल. मग मी काय करू?”

म्हणजे स्वयंपाकघरात त्याने हे सांगितलं होतं. मला ओटीवर सांगितलं आईसाठी थांब. तिला चुलीपाशी सांगितलं मुलीसाठी राहा. एका संध्याकाळी, एकाच घरात, मध्ये एक भिंत. आणि आम्ही दोघी मूर्ख बायका, इतकी वर्षं एकमेकींसाठी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो, आणि दर रविवारी एकमेकींना सांगत होतो, बरं आहे.

“मला जायचंच नाहीये तिकडे!” मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे. “कधीच नव्हतं! मी तुझ्यासाठी थांबल्ये!”

मला वाटलं आता आई म्हणेल, मग झालं तर, उद्याचं विमान सोडते. कोणीही शहाणी बाई तेच म्हणाली असती. पण नाही. माझी आई ती. “तू रागात बोलत्येस,” म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून बोलत्येस. जायचं नव्हतं तर एवढी वर्षं लग्नाशिवाय कशाला राहिलीस?”

“तू तिकडे कशाला राहिलीस?”

“तुझ्यासाठी.”

“मग मी पण तुझ्यासाठी!”

“तेच म्हणत्ये मी,” आई म्हणाली. “माझ्यासाठी तू तुझी वर्षं फुकट घालवशील. आता थोडकं राहिलंय असं तो म्हणतो. थोडक्यासाठी मी सगळं धुळीला मिळवू?”

डोकं आपटून घ्यावं असं वाटलं. त्यागाची इतकी सवय झालेली बाई, तिच्या हातून तो काढून घ्यायला गेलं की ती आणखी घट्ट धरते. खेडच्या गृहस्थांचं सांगितलं, तर म्हणाली, चांगला माणूस असेल तर थांबेल. दुसऱ्या दिवशी आमसुलं आणि कुळथाचं पीठ बॅगेत भरून ती गेली. गाडीत बसताना तिने माझा हात धरला आणि गाडी सुटेपर्यंत सोडला नाही.

नाताळ येईपर्यंत मी दर रविवारी तिला फोनवर समजावत राहिले, पण ती हलेना. शेवटी मी भावाला फोन केला. “माझा अर्ज मागे घे.”

“तो आईने केलाय,” तो म्हणाला. “मागे तिनेच घ्यायला पाहिजे. आणि ती घेणार नाही, विचारलं मी तिला.” मग समजुतीच्या आवाजात, “अगं, आत्ता इमोशनल होऊ नकोस. सगळ्यांच्या भल्याचा विचार कर.”

भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं होतं मला. पण त्या फोननंतर माझं डोकं एकदम थंड झालं. सही माझ्या हातात नव्हती. तारीख माझ्या हातात नव्हती. पण एक गोष्ट होती जी फक्त माझ्या हातात होती, आणि ती त्यानेच मला तेराव्याच्या संध्याकाळी शिकवली होती. लग्न झालं की फाईल मेली.

त्या रविवारी मी खेडला गेले. गृहस्थ स्टँडवर न्यायला आले होते. मी उतरता उतरताच म्हटलं, “नोंदणी करून लग्न करायचं. लवकरात लवकर. आणि माझ्या घरी कोणाला सांगायचं नाही.”

ते म्हणाले, “आधी चहा घ्या.” चहा घेताना मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, “तुम्ही माझ्याशी लग्न आईला आणायला करताय की माझ्यासाठी?”

“दोन्हीसाठी. चालेल?”

“चालेल,” म्हणाले. “पण एक आहे. आईला कळवा. आईशिवाय लग्न म्हणजे बरं नाही दिसत.”

तेवढंच मला करता येत नव्हतं. आईला सांगितलं असतं तर तिने अन्न सोडलं असतं, माझ्यापायी फाईल मारू नकोस म्हणून. आणि भाऊ पहिल्या विमानाने आला असता. तेव्हा लग्नाच्या आधी नाही, नंतरच सांगायचं होतं. याचा अर्थ काय ते मला नीट माहीत होतं. माझं लग्न बघायला ती किती वर्षं थांबली होती, आणि तिला घरी आणायचं तर तिने ते बघायचं नाही, असा तो सौदा होता. या एका गोष्टीसाठी मी भावाला कधी माफ करणार नाही. बाकी सगळं करीन एक वेळ.

खेडच्या कचेरीत आमची नोटीस लागली. महिनाभर ती भिंतीवर लटकत होती, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. त्या महिन्यात मला धड जेवण गेलं नाही. आमच्या गावातला कोणीतरी काहीतरी कामाला तिथे जाईल, वाचेल, आणि संध्याकाळपर्यंत अमेरिकेत बातमी. पण कोणी वाचलं नाही. सरकारी भिंतीवरचा कागद वाचतो कोण?

थंडी सरत आली होती तेव्हा लग्न झालं. मी हिरव्या बांगड्या भरल्या. लॅबमधली माझी मैत्रीण आणि त्यांच्या दोघी बहिणी साक्षीला होत्या. त्यांची आई, माझ्याच हाताने रक्त काढलेली बाई, माझ्या गळ्यात मंगळसूत्र बघून रडली आणि मग विचारलं, “तुझी आई नाही आली, बाय?”

“येईल,” मी म्हटलं. “लग्न झालं की येईल.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला येणाऱ्या आया त्यांनी पाहिल्या होत्या, लग्न झाल्यावर येणारी बहुधा पहिलीच.

रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला कॉल आला. मी मुद्दाम मंगळसूत्र साडीच्या वर काढून बसले होते. भाऊच होता फोनवर. त्याला दिसायला वेळ लागला. दिसलं, आणि त्याने फोन डोळ्यांजवळ ओढला.

“हे काय आहे?”

“लग्न केलं मी.”

“रजिस्टर केलंस?” त्याचा पहिला प्रश्न हा. कोणाशी नाही, कधी नाही, सुखी आहेस का नाही.

“केलं. सर्टिफिकेट आहे. फोटो पाठवते, जिथे कळवायचं तिथे कळव.”

“मूर्ख आहेस का तू!” तो ओरडला. “अगं, नुसते घरात हार घातले असतेस! व्हिसाचा इंटरव्ह्यू होईपर्यंत मंगळसूत्र काढून ठेवलं असतंस, कोणाला कळलं असतं?”

“म्हणूनच रजिस्टर केलं,” मी म्हटलं. “तू मला ते काढायला सांगशील हे माहीत होतं.”

“एवढ्या वर्षांची मेहनत आहे ही!”

“कोणाची?”

मग इतकी वर्षं साठलेलं मी सगळं बोलले. ओटीवर काय बोलला होतास, स्वयंपाकघरात काय बोलला होतास, आवळा देऊन कोहळा काढलास, शिमगा, गणपती, खिडक्या, सगळं. माझा आवाज किती चढला होता ते मला आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते पलीकडे उभे होते, पाण्याचा तांब्या घेऊन. भाऊ मध्ये मध्ये म्हणत होता, “आईला धक्का बसेल, आईला सांगू नकोस.” पण आई मागेच उभी होती. पदराला हात पुसत आली आणि तिने त्याच्या हातातून फोन घेतला.

तिने आधी माझ्या गळ्याकडे बघितलं. मग बांगड्यांकडे. आता ही रडणार, आता ही बोलणार, मला न सांगता केलंस म्हणून, मी सगळ्याची तयारी केली होती. बोल, मनात म्हटलं, किती बोलायचं ते बोल, तुझा हक्क आहे.

“मग फाईल गेली?” तिने विचारलं.

“गेली.”

“परत नाही ना उघडायची?”

“नाही आई. मेली ती.”

मागे भाऊ कोणाला तरी सांगत होता, मुलांच्या शाळेचं आता काय करायचं. आईने एकदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग फोन तोंडाच्या इतका जवळ आणला की मला तिचा फक्त एक डोळा आणि कपाळ दिसत होतं, आणि अगदी हळू, त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

“मग आता मी येऊ काय गो?”

जिने ते घर शेणाने सारवलं, त्यात दोन पोरं वाढवली, त्यातूनच नवऱ्याला खांद्यावर जाताना बघितलं, ती बाई माझ्याकडे घरी यायची परवानगी मागत होती. ह्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्या मागून वाकून फोनमध्ये बोलले. सासूशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य.

“या आई. पालखी दारात यायच्या आत या.”